शिराप्रवेशाचा इतिहास : लाभ, अपाय आणि गणना

१. प्रश्नाचे स्वरूप

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या देहावर जे उपचार होतात त्यांत सर्वांत नित्याचा उपचार म्हणजे शिरेत सुई किंवा नलिका घालणे हा होय. शस्त्रक्रिया थोड्यांवर होते, विशिष्ट औषधे विशिष्ट रोगांतच दिली जातात. परंतु शिरेतील नलिका ही बाळंतिणीपासून अपघातग्रस्तापर्यंत आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्यापासून कर्करोग्यापर्यंत बहुतेकांच्या वाट्यास येते. ‘सलाईन लावले’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रूढ झाला आहे की, आजार किती गंभीर होता हे सांगण्याचे ते एक लौकिक मापच होऊन बसले आहे. परंतु जी क्रिया इतकी नित्याची, तिच्या अपायांचा पद्धतशीर हिशेब वैद्यकात फार उशिरा, म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मांडला जाऊ लागला. असे का घडले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या विलंबाचे कारण वैद्यांच्या बेफिकिरीत शोधणे सोपे आहे. परंतु ते पुरेसे नाही. खरे कारण या क्रियेच्या स्वरूपातच आहे. शिरेत द्रव किंवा औषध गेले की त्याचा लाभ तत्काळ, रोग्याच्या उशाशी उभे असतानाच दिसतो. बुडालेली नाडी लागते, निस्तेज डोळे उघडतात. उलटपक्षी, अपाय पुष्कळदा चार-सहा दिवसांनी, नलिका घालणारा मनुष्य तेथे नसताना प्रकट होतो. आणि तो प्रकट होतो तोही ज्वर, ग्लानी, रक्तदाब उतरणे अशा रूपांत, जी रूपे मूळ रोगाचीही असू शकतात. सारांश, लाभ उपचाराच्या नावावर जमा होतो व अपाय रोगाच्या नावावर खर्ची पडतो. एकेका रोग्याकडे कितीही बारकाईने पाहिले तरी हा गोंधळ सुटत नाही. तो सोडविण्यास अंश आणि छेद दोन्ही लागतात : अपाय किती जणांस झाला, आणि किती जणांच्या शिरेत किती दिवस नलिका होती.

पुढील विवेचनात हृदयाकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीस नीला व हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीस रोहिणी म्हटले आहे. बोलीत दोहोंसही शीर म्हणतात. जेथे हा भेद महत्त्वाचा नाही तेथे तोच शब्द ठेवला आहे.

२. आद्य प्रयत्न

शिरेचा वेध घेण्याची क्रिया भारतीय वैद्यकास अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सिराव्यधावर एक स्वतंत्र अध्याय आहे. तेथे वर्णिलेली क्रिया रक्त काढण्याची आहे, शिरेत काही घालण्याची नव्हे. तथापि सुरक्षिततेच्या दृष्टीने ती लक्षणीय आहे. संहितेने देहातील सिरांची संख्या ७०० मानली असून त्यांपैकी ९८ अवेध्य, म्हणजे कधीही न छेदण्याच्या, म्हणून सांगितल्या आहेत. चुकीच्या वेधाचेही २० प्रकार दिले आहेत. वेध कोठे घ्यावा, कोठे घेऊ नये आणि हात कसा चुकतो, या तिन्ही गोष्टींचा विचार तेथे झालेला आहे. शास्त्रकाराने येथे दोषांचे वर्गीकरण केले. त्या दोषांची गणना मात्र त्या काळच्या कोणत्याही वैद्यकपरंपरेत झालेली नव्हती.

शिरेत बाहेरून काही घालण्याची कल्पना रक्ताभिसरणाचा सिद्धान्त प्रस्थापित झाल्यावरच अर्थपूर्ण ठरली. विल्यम हार्वी यांचा ग्रंथ १६२८ साली प्रसिद्ध झाला. रक्त देहात फिरत असेल तर एका ठिकाणी घातलेला पदार्थ सर्वत्र पोचेल, हा त्याचा उघड निष्कर्ष होय. १६५६ साली ऑक्सफर्ड येथे ख्रिस्तोफर रेन यांनी पिसाची पोकळ दांडी व प्राण्याचे मूत्राशय यांची पिचकारी करून कुत्र्याच्या नीलेत अफूमिश्रित द्रव घातला. पुढील दशकात रिचर्ड लोअर यांनी एका कुत्र्याचे रक्त दुसऱ्यास दिले, आणि १६६७ च्या जून महिन्यात पॅरिस येथे झाँ-बाप्तिस्त दनी यांनी कोकराचे रक्त एका मुलास दिले.

तो मुलगा वाचला. परंतु दनी यांच्या आणखी एका रोग्यास असे रक्त दिल्यानंतर १६६८ च्या आरंभी मृत्यू आला व प्रकरण न्यायालयात गेले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये दनी निर्दोष ठरले. मात्र पॅरिसच्या वैद्यकमंडळाच्या संमतीवाचून असे प्रयोग होऊ नयेत असे ठरले. त्यानंतर ही प्रथा लवकरच बंद पडली. १८१८ साली लंडनच्या जेम्स ब्लंडेल यांनी माणसाचे रक्त माणसास देईपर्यंत सुमारे दीडशे वर्षे ती तशीच राहिली. शिराप्रवेशाच्या अपायाची पहिली सार्वजनिक चौकशी अशा रीतीने न्यायासनापुढे झाली. न्यायासनापुढे प्रश्न असतो तो दोषी कोण हा. अशा किती रोग्यांपैकी किती दगावतात, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. चौकशीची ही पद्धत रुग्णालयांत पुढे फार काळ टिकून राहिली.

३. पटकी आणि क्षारद्रव

आज ज्याला सलाईन म्हणतात त्याचा उगम पटकीच्या साथीत आहे. १८३१ साली ही साथ इंग्लंडात पोचली तेव्हा विल्यम ब्रूक ओशॉनेसी या तरुण वैद्याने पटकीच्या रोग्यांच्या रक्ताचे रासायनिक परीक्षण केले. रक्तातील पाणी व क्षार मोठ्या प्रमाणात नाहीसे झालेले असतात असे त्यांना आढळले, आणि जे गेले ते परत द्यावे अशी सूचना त्यांनी केली. स्कॉटलंडमधील लीथ येथील टॉमस लाटा यांनी १८३२ च्या मे महिन्यात ती प्रत्यक्षात आणली. त्यांच्या पहिल्या रोगी वृद्ध स्त्रीची नाडी लागत नव्हती. लाटा यांनी चांदीच्या बारीक नळीने तिच्या नीलेत क्षारद्रव सोडण्यास आरंभ केला. प्रथम काहीच फरक पडला नाही. मग हळूहळू चेहऱ्यावर तेज आले, हातपाय उबदार झाले व नाडी पुन्हा लागली. रोगी सावरली असे समजून लाटा तेथून गेले. जुलाब-वांत्या पुन्हा सुरू झाल्या, द्रव मात्र पुन्हा दिला गेला नाही, आणि काही तासांतच ती मरण पावली.

या एका घटनेत शिराप्रवेशाचे गुण व मर्यादा दोन्ही सामावलेल्या आहेत. लाभ डोळ्यांदेखत झाला, आणि मृत्यू आला तो प्रयोग करणारा तेथे नसताना. पुढे ही पद्धत मागे पडली. ती बहुधा मरणोन्मुख रोग्यांवरच योजली जाई, त्यामुळे यश थोडे दिसे. शिवाय द्रव निर्जंतुक नसे व त्याचे क्षारप्रमाण रक्ताशी जुळणारे नसे. द्रवामुळे किती वाचले, किती न देताही वाचले असते आणि किती द्रवामुळेच गेले, हे सांगण्याजोग्या नोंदी कोणापाशी नव्हत्या.

नोंदींवरून उपचाराची पारख करण्याची कल्पना मात्र याच दशकात, आणि तीही शिरेच्याच संदर्भात, पुढे आली होती. १८३५ साली पॅरिसच्या प्येर लुई यांनी रक्तमोक्षणाचा फुप्फुसदाहावर होणारा परिणाम संख्यांच्या आधारे तपासला. त्यांच्या पाहणीत या रोगाचे ७७ रोगी होते. समज होता त्या मानाने रक्त काढण्याचा उपयोग अत्यल्प होतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. लुई यांची गणना शिरेतून रक्त काढण्याविषयी होती. शिरेत द्रव घालण्याच्या क्रियेस ती रीत लागू व्हायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

क्षारद्रवाची परंपरा पुढे भारतात पुनरुज्जीवित झाली. ओशॉनेसी स्वतः १८३३ साली बंगालमध्ये आले, पण तेथे त्यांचे लक्ष औषधी वनस्पती व पुढे तारायंत्र यांकडे वळले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स यांनी पटकीच्या रोग्यांस अधिक क्षारयुक्त द्रव नीलेतून देऊन मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. आपल्या रुग्णालयातील पूर्वीच्या वर्षांचे आकडे व नव्या उपचाराचे आकडे त्यांनी शेजारी शेजारी ठेवले, हे येथे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

द्रव देण्याबरोबर थंडी वाजून ताप येणे ही मात्र सर्वत्र नित्याची तक्रार होती, आणि ती रोगाचीच वा औषधाची मानली जाई. १९२३ साली अमेरिकेत फ्लॉरेन्स सीबर्ट यांनी दाखवून दिले की, या तापाचे मूळ उर्ध्वपातित पाण्यात राहिलेल्या जंतुजन्य द्रव्यांत असते. पाणी उकळून जंतू मेले तरी त्यांची ज्वरकारक द्रव्ये शिल्लक राहतात. पाण्याचे उर्ध्वपातन काळजीपूर्वक करू लागताच हा ताप टळू लागला. उपचाराचा अपाय रोगाच्या नावावर खर्ची पडला होता, याचे हे पहिले निःसंदिग्ध उदाहरण म्हणावे लागते.

४. नलिका हृदयापर्यंत

विसाव्या शतकात प्रवेश हाताच्या शिरेपुरता राहिला नाही. १९२९ साली बर्लिननजीकच्या एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात व्हेर्नर फोर्समान या पंचविशीतील वैद्याने, वरिष्ठांची मनाई असताना, स्वतःच्या कोपरानजीकच्या नीलेतून मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी ६५ सेंटिमीटर लांबीची नलिका हृदयापर्यंत सरकविली आणि क्ष-किरण विभागात चालत जाऊन तिचे छायाचित्र घेवविले. तत्कालीन वैद्यकाने या कृत्याकडे साहसाचा अतिरेक म्हणूनच पाहिले. १९४० नंतर न्यू यॉर्क येथे आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी या मार्गाने हृदयातील रक्तदाब व रक्तप्रवाह यांचे पद्धतशीर मापन केले, आणि १९५६ साली तिघांस मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

यानंतरची पंचवीस वर्षे शिराप्रवेशाच्या तंत्राचा सुवर्णकाळ होय. १९५० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी सुईवर बसविलेली प्लॅस्टिकची नळी प्रसिद्ध केली. सुई काढून घ्यावी व मऊ नळी शिरेत राहू द्यावी, हे आजच्या कॅन्युलाचे तत्त्व तेथे स्पष्ट झालेले आहे. १९५२ साली फ्रेंच शल्यवैद्य रोबेर ओबानियाक यांनी गळपट्टीच्या हाडाखालील मोठ्या नीलेत प्रवेश करण्याची रीत वर्णिली. १९५३ साली स्टॉकहोमच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी एक अत्यंत सोपी युक्ती मांडली : सुईतून लवचीक तार वाहिनीत सोडावी, सुई काढावी व तारेवरून नलिका आत सरकवावी. ही युक्ती मूळची रोहिण्यांच्या क्ष-किरण चित्रणासाठी होती. परंतु पुढे मोठ्या वाहिनीत नलिका घालण्याच्या बहुतेक सर्व क्रियांचा ती पाया ठरली.

१९६० साली सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताची रोहिणी व नीला टेफ्लॉनच्या नळीने कायमची जोडून ठेवण्याची व्यवस्था केली, आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्यास वारंवार रक्तशुद्धी देणे शक्य झाले. त्यांचा पहिला रोगी त्यानंतर ११ वर्षे जगला. परंतु त्वचेबाहेर राहणारी ही नळी गुठळीने बंद पडे व तिच्यात जंतुदोष होई. १९६६ साली न्यू यॉर्क येथील ब्रेशिया, चिमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाची रोहिणी व नीला शस्त्रक्रियेने एकमेकींस थेट जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. बाहेरची वस्तू देहात न ठेवता स्वतःच्याच शिरेस रुंद व बळकट करून घेण्याची ही पद्धत दीर्घकालीन रक्तशुद्धीसाठी आजही साधारणपणे अधिक पसंतीची मानली जाते. १९६८ साली स्टॅन्ली डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण आहारच मोठ्या नीलेतून देता येतो हे दाखविले. १९७० साली हॅरल्ड स्वान व विल्यम गँझ यांनी टोकाला फुगा असलेली नलिका आणली. रक्तप्रवाहाबरोबर वाहत ती फुप्फुसाच्या रोहिणीपर्यंत जाई.

५. उशिरा येणारा अपाय

शिराप्रवेशाच्या अपायांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग तत्काळ अपायांचा. नीलेऐवजी रोहिणी भेदली जाणे, फुप्फुसास इजा होऊन छातीच्या पोकळीत हवा भरणे, शिरेत हवा शिरणे, रक्तस्राव होणे हे अपाय नलिका घालतानाच किंवा लगेच नंतर घडतात. ते घडले की कोणाच्या हातून घडले हे कळते. त्यामुळे त्यांविषयी सावधगिरीची शिकवण गुरूकडून शिष्याकडे आपोआप जाते. दुसरा वर्ग विलंबित अपायांचा, म्हणजे नलिकेभोवती रक्ताची गुठळी होणे व नलिकेच्या वाटेने जंतू रक्तात शिरणे यांचा. घालणारा एक, औषध देणारी परिचारिका दुसरी, पट्टी बदलणारी तिसरी आणि ताप पाहणारा चौथा, अशी परिस्थिती असल्याने हे अपाय कोणाचेच नसतात. नलिका जितकी उपयुक्त तितकी ती जास्त दिवस आत राहते आणि विलंबित अपायाची शक्यता तितकीच वाढत जाते. सुवर्णकाळातील प्रत्येक शोधाने हा धोका थोडाथोडा वाढविला, परंतु त्याची मोजदाद क्वचितच झाली.

हे अदृश्यत्व किती दूरवर जाऊ शकते याचे उदाहरण १९७० व १९७१ या वर्षांतील अमेरिकेच्या साथीत सापडते. त्या काळात निरनिराळ्या रुग्णालयांतून रोग्यांच्या रक्तात एंटेरोबॅक्टर गणातील जंतू आढळू लागले. प्रत्येक रुग्णालयास असे थोडेच रोगी दिसत होते, आणि प्रत्येकास ते आपल्याच आवारातील दुर्दैव वाटत होते. राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राने नोंदी एकत्र केल्यावर कळले की, एका उत्पादकाच्या द्रवबाटल्यांच्या झाकणातील नवे अस्तर दूषित होते आणि झाकण उघडताना जंतू द्रवात उतरत होते. २५ रुग्णालयांतील ३७८ रोगी या साथीत मोजले गेले. एकाही खाटेजवळ जे दिसत नव्हते ते नोंदींच्या बेरजेत दिसले.

१९७७ साली डेनिस माकी व सहकाऱ्यांनी काढलेल्या नलिकेचे टोक पोषक माध्यमावर फिरवून त्यावरील जंतुवसाहती मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली; १५ किंवा अधिक वसाहती आल्यास नलिका जंतुदूषित मानावी असे ठरले. ताप रोगाचा की नलिकेचा, या जुन्या प्रश्नास यामुळे प्रयोगशाळेत उत्तर देणे काही अंशी शक्य झाले. पुढे संसर्ग दर १,००० नलिका-दिवसांमागे मोजण्याची रीतही रुजू लागली. दहा रोग्यांच्या शिरेत एकेक दिवस नलिका राहिली काय किंवा एकाच्या शिरेत दहा दिवस राहिली काय, नलिका-दिवस दहाच. अंशास छेद मिळाला तो येथे.

६. गणनेने उलटविलेले समज

मोजमाप सुरू झाल्यावर अनेक रूढ समजुती डळमळल्या. नलिका ठराविक दिवसांनी बदलली म्हणजे संसर्ग टळतो असा सर्वत्र समज होता. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन परीक्षणात मध्यवर्ती नलिका दर ३ दिवसांनी नेमाने बदलल्याने संसर्ग कमी होत नाही असे आढळले. हाताच्या शिरेतील साध्या कॅन्युलाविषयी ऑस्ट्रेलियातील ३,२८३ रोग्यांवर झालेले परीक्षण २०१२ साली प्रसिद्ध झाले. तिसऱ्या दिवशी नेमाने बदललेल्या व केवळ लक्षण दिसल्यावरच बदललेल्या दोन्ही गटांत शिरेचा दाह शंभरांत सुमारे ७ जणांस झाला. नेमाने बदलण्यात रोग्यास अधिक सुया टोचल्या जात होत्या, लाभ मात्र नव्हता.

याहून धक्कादायक निष्कर्ष फुग्याच्या नलिकेविषयी निघाला. १९७० पासून अतिदक्षता विभागांत ती जवळजवळ प्रतिष्ठेचे चिन्ह झाली होती; तिने मिळणारी माहिती उपचारास मार्गदर्शक ठरते याविषयी कोणास संशय नव्हता. १९९६ साली अमेरिकेतील ५,७३५ रोग्यांच्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध झाले, आणि समान गंभीरतेच्या रोग्यांत नलिका घातलेल्यांचा मृत्यू अधिक झाल्याचे त्यात दिसले. विश्लेषण निरीक्षणात्मक असल्याने वाद माजला. २००५ साली ब्रिटनमध्ये १,०४१ रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी यदृच्छेने विभागणी करून परीक्षण झाले. नलिका घातलेल्यांपैकी ६८ टक्के व न घातलेल्यांपैकी ६६ टक्के रुग्णालयात मरण पावले. दोहोंतील फरक संख्याशास्त्रदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. नलिका घातक ठरली नाही, परंतु तारक असल्याचेही सिद्ध झाले नाही. माहिती मिळणे आणि रोगी बरा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे कळण्यास पस्तीस वर्षे लागली.

नलिका कोठे घालावी या प्रश्नाचेही उत्तर गणनेने अधिक नेमके केले. फ्रान्समधील ३,०२७ रोग्यांवरील परीक्षण २०१५ साली प्रसिद्ध झाले. गळपट्टीच्या हाडाखालील नीलेत घातलेल्या नलिकेस रक्तसंसर्ग व गुठळी यांचा उपद्रव मानेतील किंवा जांघेतील नलिकेपेक्षा कमी झाला. परंतु छातीत हवा भरण्याचा अपाय तेथेच अधिक, शंभरांत सुमारे दीड इतका झाला. तत्काळ अपायास भिणारा वैद्य ती जागा टाळतो आणि विलंबित अपाय रोग्याच्या पदरी टाकतो, असे या आकड्यांवरून म्हणता येते. श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने, म्हणजे सोनोग्राफीने, शीर डोळ्यांनी पाहून वेध घेण्याची पद्धत मानेतील नीलेसाठी ब्रिटनमध्ये २००२ साली अधिकृतपणे शिफारस केली गेली. तिने वेधातील चुका पुष्कळ घटल्या; नलिका घातल्यानंतरच्या दिवसांचा प्रश्न मात्र तिच्या आवाक्याबाहेरचा होता.

७. मिशिगनचा प्रयोग

त्या दिवसांच्या प्रश्नास हात घालणारा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. जॉन्स हॉपकिन्स येथील पीटर प्रोनोव्होस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच साध्या गोष्टींची सूची केली : हात धुणे, नलिका घालताना टोपी, मुखपट्टी, अंगरखा, हातमोजे व संपूर्ण निर्जंतुक आच्छादन वापरणे, त्वचा क्लोरहेक्झिडीनने स्वच्छ करणे, शक्यतो जांघेची शीर टाळणे, आणि गरज संपताच नलिका काढणे. यांतील एकही गोष्ट नवी नव्हती. नवे होते ते हे की, एखादी पायरी गाळली गेल्यास, तातडीचा प्रसंग नसेल तर, परिचारिकेने डॉक्टरांस थांबवावे असा अधिकार तिला देण्यात आला, आणि प्रत्येक विभागास त्याच्या संसर्गाचे आकडे नियमित दाखविण्यात आले.

२००६ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तात १०३ अतिदक्षता विभागांच्या ३,७५,७५७ नलिका-दिवसांचा हिशेब आहे. दर १,००० नलिका-दिवसांमागे संसर्गाचे सरासरी प्रमाण आरंभी ७.७ होते, ते सोळा ते अठरा महिन्यांनी १.४ झाले. मध्यक प्रमाण २.७ वरून तीन महिन्यांतच शून्यावर आले. या प्रयोगात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, हे मात्र विसरता कामा नये. इंग्लंडमध्ये २००९ ते २०११ या काळात हाच प्रयोग टप्प्याटप्प्याने झाला तेव्हा तेथेही संसर्ग घटला. परंतु ज्या विभागांत कार्यक्रम अद्याप सुरू झाला नव्हता तेथेही तो घटत होता. तेव्हा श्रेय सूचीचे किती व मोजले जात असल्याच्या जाणिवेचे किती, हे काटेकोरपणे सांगता येत नाही. तरीही एक गोष्ट निर्विवाद राहते. जो संसर्ग गंभीर आजाराचा अटळ सोबती मानला जात होता तो बव्हंशी टाळता येतो, हे दोन्ही देशांत दिसून आले.

८. भारतातील हिशेब

भारतात या प्रकारची बहुकेंद्री आकडेवारी एकविसाव्या शतकात उपलब्ध होऊ लागली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सात शहरांतील १२ अतिदक्षता विभागांचा समावेश होता. तीत मध्यवर्ती नलिकेमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचे प्रमाण दर १,००० नलिका-दिवसांमागे ७.९२ आढळले. २०१७ पासूनच्या एका मोठ्या जाळ्याने २६ रुग्णालयांतील ८९ अतिदक्षता विभागांच्या नोंदी समान व्याख्यांनुसार एकत्र केल्या. त्यांत क्लेब्सिएला व ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे, अनेक प्रतिजैविकांस दाद न देणारे जंतू प्रामुख्याने दिसले. याचा अर्थ असा की, येथे नलिकेतून झालेला संसर्ग केवळ टाळता येण्याजोगाच नव्हे, तर एकदा झाल्यावर बरा करण्यास अधिक कठीणही आहे.

या आकड्यांवरून भारतीय रुग्णालयांची परदेशीयांशी थेट तुलना करणे सयुक्तिक नाही. रोगी, व्याख्या व रक्तपरीक्षणाची सोय ही सर्वत्र सारखी नसतात. शिवाय जेथे मोजणी होते तीच रुग्णालये आकड्यांत येतात. तालुक्याच्या ठिकाणच्या लहान रुग्णालयात, जेथे एक परिचारिका अनेक रोग्यांची देखभाल करते, तेथील नलिका-दिवस कोणत्याही वहीत उतरलेले नसतात. मिशिगनच्या सूचीतील साबण, अंगरखा व क्लोरहेक्झिडीन पैशाने मिळू शकतात. परिचारिकेने डॉक्टरांस भर विभागात थांबविणे आणि डॉक्टरांनी थांबणे, हे मात्र पैशाने मिळत नाही. त्यासाठी रुग्णालयातील श्रेणीव्यवस्थेतच पालट व्हावा लागतो.

९. उपसंहार

पटकीच्या रोग्यापासून सुरू झालेल्या या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा पुन्हा पटकीपाशीच येतो. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी उसळली. डॉ. दिलीप महालनबीस तेथे काम करीत होते. नीलेतून देण्याचा द्रव अपुरा पडू लागला तेव्हा त्यांनी साखर, मीठ व खाण्याचा सोडा यांचे पाण्यातील मिश्रण पिण्यास देण्याचा निर्णय घेतला. या मिश्रणाची परिणामकारकता १९६८ साली ढाका येथे रुग्णालयात दिसून आली होती. छावणीसारख्या ठिकाणी, रोग्याच्या नातलगांच्या हातून, ते इतक्या मोठ्या प्रमाणावर देण्याचे धाडस नवे होते. त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत उतरले. ज्यांची नाडी बुडाली होती त्यांस नीलेतून द्रव देणे तेव्हाही आवश्यक होते व आजही आहे. परंतु बाकीच्या बहुसंख्यांस सुईची गरजच नव्हती, हे त्या छावणीने सिद्ध केले.

शिराप्रवेशाच्या इतिहासात प्रवेशाचे तंत्र प्रत्येक वेळी पुढे राहिले आणि प्रवेशाच्या गरजेचा विचार मागून आला. लाटा यांची चांदीची नळी, फोर्समान यांची नलिका, स्वान व गँझ यांचा फुगा या सर्वांनी ‘पोचता येते काय’ या प्रश्नाचे उत्तर दिले. ‘पोचल्याने रोग्याचे काय झाले’ या प्रश्नाचे उत्तर नोंदवह्या, नलिका-दिवस व यदृच्छ परीक्षणे यांनी दिले, आणि ते पुष्कळदा अनपेक्षित निघाले. आजच्या रुग्णालयास यातून घेण्याजोगा बोध साधा आहे. प्रत्येक नलिकेमागे ती कशासाठी घातली, केव्हा घातली व केव्हा काढली या तीन नोंदी असाव्यात, आणि ती आजही हवी आहे काय हे रोज सकाळी विचारले जावे. या नोंदींस खर्च फारसा येत नाही. त्या जेथे होत नाहीत तेथे नलिकेचा अपाय आजही रोगाच्याच नावावर लिहिला जात आहे.